लाखो फायलींचे दोन फोल्डर, तोकडी रॅम: ताडून कसे पाहावे

लग्नसराई आटोपली की खानापूर, निपाणीकडच्या फोटो स्टुडिओंत एकच प्रश्न असतो: मूळ डिस्कवरचं सगळं बॅकअपला गेलंय का? फायली लाखांनी. यावर "रॅम वाढवा" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तुलनेची बहुतेक सॉफ्टवेअरं दोन्हीकडची अख्खी यादी मेमरीत धरून बसतात, म्हणून मशीन गुदमरतं. यादी डिस्कवर लिहा. मध्येच लाईट गेली तरी तयार झालेली यादी शाबूत राहते.

लिनक्सवर, किंवा विंडोजमधल्या डब्ल्यूएसएलवर (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय), फाइंड या फायली शोधणाऱ्या आज्ञेनं दोन्हीकडच्या याद्या काढा. फक्त फायली घ्या, फोल्डर नकोत. दर ओळीत आकार आणि सापेक्ष पत्ता, म्हणजे मुख्य फोल्डरच्या आतला. तारीख घेऊ नका. फॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या डिस्कवर वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत साठते, त्यामुळे फुकटचे फरक निघतात.

आता सॉर्ट, म्हणजे यादी क्रमानं लावणारी आज्ञा. खरी मेख इथंच आहे, आणि मीही इथंच बराच अडलो होतो. जीएनयू सॉर्ट (लिनक्सवरचा नेहमीचा सॉर्ट) मेमरीत मावेल तेवढा तुकडा लावतो, तात्पुरत्या फायलीत टाकतो आणि शेवटी सगळे तुकडे एकत्र करतो. म्हणून यादी रॅमपेक्षा मोठी असली तरी चालते. पण त्या तात्पुरत्या फायली टीएमपी फोल्डरात जातात आणि फेडोरासारख्या लिनक्समध्ये टीएमपीच रॅममध्ये असतं! म्हणजे केलेलं सगळं मुसळ केरात. कॅपिटल टी हा पर्याय देऊन भरपूर जागा असलेल्या डिस्कवरचं फोल्डर दाखवा.

दुसरी भानगड क्रमाची. आपल्याकडे एक मशीन कन्नडवर, दुसरं इंग्रजीवर. सॉर्ट लोकॅलप्रमाणे, म्हणजे मशीनच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे, क्रम लावतो. दोन्ही याद्यांचा क्रम वेगळा पडला की कॉम, म्हणजे दोन क्रमवार याद्या ताडणारी आज्ञा, "क्रम चुकला" म्हणून ओरडतं आणि दोन्हीकडे असलेल्या फायली गायब दाखवतं. एलसी ऑल या भाषेच्या सेटिंगची किंमत सी ठेवा. दोन्ही सॉर्टला आणि कॉमलाही. क्रम दिसायला विचित्र दिसेल, दिसू दे.

"नवऱ्याकडचे फोटो" हे फोल्डर दोन्हीकडे डोळ्यांना दिसतंय, तरी यादीत वेगळं येतंय? जुन्या मॅकवर 'ऱ' हे अक्षर 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असं फोडून साठवलं जायचं. तिथून आरसिंक या फायली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामनं आलेल्या नावांत ते तसंच राहू शकतं. सॉर्टच्या आधी दोन्ही याद्या यूकॉन्व्ह या अक्षरांचं रूप बदलणाऱ्या प्रोग्रामनं एनएफसी, म्हणजे जोडलेल्या अक्षरांच्या, रूपात आणा. नंतर केलंत तर क्रम पुन्हा बिघडेल.

मग कॉम. डिफ (फरक दाखवणारी दुसरी आज्ञा) नको, तो दोन्ही याद्या पूर्ण मेमरीत घेतो. कॉम ओळीमागून ओळ वाचतं. मूळ डिस्कची यादी आधी द्या आणि २३ हा पर्याय लावा: बॅकअपला नसलेल्या किंवा आकार न जुळणाऱ्या फायली तेवढ्या उरतील.

आकार जुळला म्हणजे आतला मजकूरही तोच, असं मात्र नाही. दोन्ही डिस्क एकाच मशीनला लावलेल्या असतील तर सीएमपी, म्हणजे दोन फायली बाइट-बाइट ताडणारी आज्ञा. पहिला वेगळा बाइट दिसताच ते थांबतं. एक डिस्क निपाणीत आणि दुसरी बेळगावात असेल तर दोन्हीकडे शा२५६ (फायलीच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून याद्याच मेलनं मागवा. दोन्हींत मेमरी लागत नाही, वेळ लागतो. रात्री लावून झोपा.