ड्रॉवरचे चॅनल घेताना या चुका टाळा

ड्रॉवर अडकायला लागला की पहिला दोष चॅनलवर, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्यांच्या जोडीवर जातो. दुकानात जाऊन भारीतला चॅनल आणला जातो, आणि तोही तस्साच अडकतो. कारण बहुतेक वेळा चॅनल ठणठणीत असतो, खोका, म्हणजे ड्रॉवरची पेटी, मापात चुकलेला असतो.

बाजूला बसणाऱ्या नेहमीच्या बॉल-बेअरिंग टेलिस्कोपिक चॅनलला प्रत्येक बाजूला 12.7 मिमी, म्हणजे सुताराच्या भाषेत चार सूत जागा लागते. दोन्हीकडची मिळून साधारण 25.4 मिमी. कपाटाची आतली रुंदी 450 असेल तर खोका बाहेरून 424 चा करायचा. अर्धा मिमी सैल झाला तर निभावतं, घट्ट झाला तर मात्र सुटका नाही.

माझी फजिती इथेच झाली. हिशोब बरोबर होता, पण कच्च्या प्लायवर केलेला. नंतर कपाटाच्या दोन्ही आतल्या बाजूंना आणि खोक्याच्या दोन्ही बाहेरच्या बाजूंना एकेक मिमीची सनमायका चढली. चार मिमी गेले! ड्रॉवर आत सरकेना, शेवटी खोका उघडून पुन्हा बांधावा लागला. तेव्हापासून माप सनमायका लागल्यावरच घेतो, तेही पुढे, मध्ये आणि मागे, आणि त्यातलं सर्वांत कमी माप धरतो. तीन मापांत दोन-तीन मिमींचा फरक निघाला तर कपाटच गुण्यात (काटकोनात) नाही; आधी ते सरळ करा. उलट, खोका लहान झाला असेल तर घाबरू नका. चॅनलच्या मागे सनमायकाची पट्टी घातली की काम होतं.

लांबीचं माप कपाटाच्या बाहेरून घेऊ नका. पुढच्या कडेपासून मागच्या पाटीपर्यंत आतली खोली मोजा; मागे पाइप किंवा सॉकेट असेल तर तिथपर्यंतच. चॅनल साधारण 50 मिमीच्या टप्प्यांत मिळतात. खोली 465 असेल तर 450 चा बसेल. पण दर्शनी फळी कपाटाच्या आत बसणार असेल तर तिचे 18 मिमी वजा करा. उरले 447, म्हणजे 400 चाच घ्यावा लागेल.

खालून बसणाऱ्या सॉफ्ट-क्लोज चॅनलला वरचा हिशोब लावू नका. तिथे खोक्याची आतली रुंदी आणि फळीची जाडी बघतात, आणि प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा. म्हणून माझा हट्ट: आधी चॅनल हातात घ्या, मग खोका कापा. वजनाचा छापील आकडा जोडीचा असतो, एका पट्टीचा नव्हे.

बसवल्यावर ड्रॉवर खरखरत असेल तर स्क्रूची डोकी बघा. फुगीर डोक्याचा स्क्रू आतल्या पट्टीला घासतो, चपट्या डोक्याचे लावा. आधी लांबट भोकांत स्क्रू मारून ड्रॉवर चालवून बघा, जमलं की मगच गोल भोकांत पक्के करा.

आणि ड्रॉवर काढून परत घालताना मध्येच अडला तर हातोडी घेऊ नका. गोळ्यांची जाळी मागे राहिलेली असते. ती दोन्ही बाजूंना बोटाने पुढच्या टोकापर्यंत ओढा, खोका समपातळीत धरा आणि दोन्ही पट्ट्या एकदमच आत सरकवा.