पॉलिमर क्लेचे पेंडंट: घडवण्याइतकेच भाजण्याकडे लक्ष हवे

पॉलिमर क्ले ही खरी माती नव्हे. पीव्हीसी या प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांना मऊ ठेवणारे द्रव्य यांपासून ती बनते. त्यामुळे ती हवेवर वाळत नाही, ठरावीक उष्णता मिळाल्यावरच कडक होते. घरी केलेली बहुतेक पेंडंट तुटतात ती नक्षीतल्या चुकीमुळे नव्हे, तर कच्ची भाजली गेल्यामुळे.

प्रथम क्ले हातात चांगली मळून घ्यावी. वाकवल्यावर तिला चिरा पडेनाशा झाल्या, म्हणजे ती तयार झाली असे समजावे. धूळ आणि आधीच्या रंगाचा अंश पांढऱ्या क्लेवर लगेच दिसतो, म्हणून फिकट रंग आधी मळावेत व प्रत्येक रंगानंतर हात पुसावेत. गुळगुळीत सिरॅमिक टाइलवर सुमारे ३ मिलिमीटर जाडीची पोळी लाटून तिच्यावर रंगांचे तुकडे, ठसे किंवा पानाच्या शिरांची छाप उमटवावी आणि मगच आकार कापावा. आधी कापलेला आकार ठसा दाबताना पसरतो. कडीसाठीचे छिद्र टूथपिकने दोन्ही बाजूंनी पाडावे आणि कडेपासून किमान ३ मिलिमीटर आत ठेवावे.

आता भाजणे. पेंडंट टाइलवरून उचलू नये, टाइलसकटच ओटीजीमध्ये, म्हणजे विजेच्या लहान ओव्हनमध्ये, ठेवावे. बहुतेक ब्रँडना ११० ते १३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. नेमका आकडा आणि वेळ पाकिटावर दिलेली असते व तीच प्रमाण मानावी. लहान ओव्हनची कळ दाखवते ते तापमान आणि आतले खरे तापमान यांत बराच फरक पडू शकतो, त्यामुळे ओव्हन थर्मामीटर ही या छंदातली सर्वांत उपयोगी खरेदी आहे, असे मला ठामपणे वाटते. ओव्हन आधी तापवून घ्यावा, टाइल मधल्या जाळीवर ठेवावी आणि तापलेल्या सळ्यांची थेट आच लागू नये म्हणून वर ॲल्युमिनियम फॉइलचे सैल झाकण घालावे. मायक्रोवेव्ह मुळीच वापरू नये. क्ले करपली तर हायड्रोजन क्लोराइडचा त्रासदायक धूर निघतो. तसे झाल्यास ओव्हन बंद करून खिडक्या उघडाव्यात व खोलीबाहेर जावे. क्लेसाठी वापरलेली लाटणी, साचे आणि टाइल स्वयंपाकात परत घेऊ नयेत.

पूर्ण भाजलेला पातळ तुकडा थंड झाल्यावर किंचित वाकतो, पण तुटत नाही. म्हणून पेंडंटसोबत त्याच क्लेची तेवढ्याच जाडीची एक पट्टी भाजावी आणि परीक्षा तिचीच घ्यावी. ती कटकन मोडली तर पेंडंट त्याच तापमानाला पुन्हा भाजता येते.

कडा ४०० आणि नंतर ८०० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने पाण्यात बुडवून घासाव्यात, म्हणजे भुकटी श्वासात जात नाही. चकाकी हवी असल्यास पाण्यावर आधारित व्हार्निश लावावे. नेलपॉलिशमधील द्रावकांमुळे पृष्ठभाग पुढे चिकट होऊ शकतो. शेवटी धातूची कडी ओवावी. ती उघडताना टोके बाहेरच्या दिशेने न ताणता एक पुढे व एक मागे वळवावे, म्हणजे कडीचा गोलावा टिकतो आणि बंद केल्यावर फट राहत नाही.