‘हार्ड’ म्हणजे दर वेळी ‘कठीण’ नव्हे

इंग्रजीत ‘हार्ड’ दिसला की लगेच ‘कठीण’ लिहू नका. आधी तो कशाबद्दल आलाय ते बघा. प्रश्न हार्ड असेल तर अवघड, गादी असेल तर टणक, पाऊस असेल तर जोराचा. ‘हार्ड वॉटर’ म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असलेलं, साबणाला नीट फेस न येऊ देणारं दुष्फेन पाणी.

खरी फसगत ‘हार्डली’मध्ये होते. ‘आय वर्क हार्ड’ म्हणजे मी खूप कष्ट करतो. ‘आय हार्डली वर्क’ म्हणजे मी जवळजवळ कामच करत नाही! नोकरीच्या अर्जात ही अदलाबदल फार महागात पडेल. ‘हार्डली’त नकार आधीच असतो, म्हणून त्याच्यासोबत पुन्हा ‘नॉट’ घालायचा नाही.