तारण घरावर बँकेची जप्ती: नोटीस आल्यापासून काय करावे

गृहकर्जाचे हप्ते 90 दिवसांहून अधिक थकले की बँक ते खाते एनपीए, म्हणजे बुडीत होऊ लागलेले कर्ज, ठरवते आणि 2002 च्या सरफेसी कायद्याखाली तारण मालमत्तेवर वसुली सुरू करते. या कायद्यात बँकेला आधी दिवाणी दावा लावावा लागत नाही. म्हणून ‘कोर्टाचे समन्स आल्यावर पाहू’ असे म्हणत थांबणाऱ्या कर्जदाराच्या हातून मुदती निघून जातात. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले.

पहिला कागद कलम 13(2) ची मागणी नोटीस असते आणि तिची मुदत 60 दिवसांची असते. पोस्टमनने आणलेले पाकीट परत पाठवू नये. ते घेऊन मिळाल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवावी. नोटिशीतील थकबाकी, व्याजाचा दर, खाते एनपीए झाल्याची तारीख आणि मालमत्तेचे वर्णन खातेउतारा व गहाणखताशी ताडून पाहावे. तफावत आढळल्यास बँकेने या वसुलीसाठी नेमलेल्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावे लेखी हरकत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. त्या हरकतीला 15 दिवसांत कारणांसह उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. तारण शेतजमीन असेल, किंवा मुद्दल व व्याजाच्या 20 टक्क्यांपेक्षा कमी रक्कम देणे उरली असेल, तर कलम 31 मुळे ही कारवाईच चालत नाही, आणि हा मुद्दा हरकतीत सर्वात आधी लिहावा. एखादा हप्ता भरल्याने खाते नियमित होत नाही, त्यासाठी सगळी थकबाकी भरावी लागते. बँकेच्या लेखी संमतीशिवाय या काळात घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही.

खरा घात होतो तो पुढच्या टप्प्यावर. बँकेचा माणूस दारावर ताबा नोटीस चिकटवतो, ती दोन वर्तमानपत्रांत छापून येते, पण कुटुंब घरातच राहते. या सांकेतिक ताब्याला पुष्कळ जण नुसती धमकी समजतात. प्रत्यक्षात कलम 17 खाली कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाण्याची 45 दिवसांची मुदत त्यापासूनच मोजली जाते. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. नुसता अर्ज केल्याने कारवाई थांबत नाही. त्यासाठी स्थगितीची मागणी वेगळी करावी लागते, आणि काही रक्कम भरण्याची तयारी दाखवली तर ती मिळणे सोपे जाते असे मला वाटते. दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा लावण्यात वेळ घालवू नये, कारण कलम 34 ने ती वाट बंद केली आहे.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम 14 खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, अर्ज करते. कर्ज किती आणि व्याज बरोबर की चूक, याचा निवाडा ते करत नाहीत. पोलीस बंदोबस्तात ताबा मिळवून देणे एवढेच त्यांचे काम. म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे घालण्यापेक्षा न्यायाधिकरणातला अर्ज लवकर सुनावणीला कसा येईल ते पाहावे.

पहिल्या विक्रीपूर्वी कर्जदाराला 30 दिवसांची नोटीस मिळते. 2016 च्या दुरुस्तीनंतर सर्व रक्कम भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच उरतो, त्यामुळे एकरकमी तडजोडीची बोलणी त्याआधी उरकून बँकेचे मंजुरीपत्र हातात घ्यावे. लिलाव झालाच, तर वसुली व खर्च वजा जाता उरलेली रक्कम कायद्याने तिच्या हक्कदाराला परत द्यावी लागते. तिचा हिशेब बँकेकडे लेखी मागावा.