धुरांड्याच्या कामासाठी पायाड (परांची), शिडी भाड्यानं आणताना: खर्च किती अन् जीव कसा सांभाळायचा

आमच्याकडे दारव्हा-दिग्रस भागात गॅस घरोघरी आला, पण आंघोळीचं पाणी अन् भाकरी अजून चुलीवरच, त्यामुळं धुरांडं काही सुटत नाही. मे महिन्यात कवेलू (छताची कौलं) फेरायला घेतले की तेव्हा दिसते, टोपी उडालेली, पाईप काजळीनं अर्धा भरलेला अन् बुडाजवळ वांदरांनी कवेलू फोडून ठेवलेले. काम दोन तासाचं असते पण वर चढायचं कसं, इथंच सगळे लोक चुकतात.

दोन वर्षांआधी आम्ही पण चुकलो. भाडं कशाला द्यायचं म्हणून ट्रॅक्टरची ट्रॉली भिंतीला लावली, ट्रॉलीत शिडी उभी केली अन् काका वर चढले, शिडी मी धरून होतो. काकांनी टोपीची तार ओढली, तसा ट्रॉलीचा पाटा एवढासा दबला अन् शिडी माझ्या हातातून भिंतीवर घासत गेली. काका ओट्याच्या फरशीवर पडले, मांडीचं हाड मोडलं, पेरणीचा सगळा हंगाम खाटेवर गेला. तो शिडी घासल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. म्हणून सांगून राहिलो, ट्रॉलीत शिडी नाही म्हणजे नाही, अन् जेसीबीच्या बकेटात माणूस उभा करायचा तर विषयच नाही, ते माती उचलायचं यंत्र आहे.

आधी हे पाहा की चढायची गरज आहे का. नुसती काजळी काढायची असेल अन् पाईप सरळ असेल तर लांब वेळूला ब्रश नाहीतर चिंध्यांचा घट्ट बोळा बांधून चुलीकडून खालूनच साफ होते. चूल रात्रीच विझवून ठेवा अन् नाकाला ओला रुमाल बांधा. पाईप जुना सिमेंटचा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते, तो कापू-फोडू नका, हलवायचाच असेल तर आधी ओला करून घ्या, त्याची कोरडी धूळ छातीत जाऊ देऊ नका.

चढायचंच असेल तर सामान दोन ठिकाणी मिळते. मंडपवाल्याकडे उंच घोडा-शिड्या असतात, पण लग्नसराईत त्या मोकळ्या नसतात, अक्षय्य तृतीयेच्या आसपास विचारूच नका. दुसरा सेंट्रिंगवाला, त्याच्याकडे एच फ्रेमचं लोखंडी पायाड, फळ्या, पिना सगळं मिळते, पण पावसाळ्याआधी घरकुलांचे स्लॅब सुरू असतात म्हणून आठ दिवस आधी सांगून ठेवजा. मी पायाडच घ्या म्हणेन, त्याच्यावर दोन्ही पाय टेकवून दोन्ही हातांनी काम होते, शिडीवर एक हात कायम शिडीलाच द्यावा लागते.

आता पैशाचं. यंदा मी दिले ते सांगतो, तुमच्याकडे कमी-जास्त होईल. पायाडाचं भाडं फळ्यांसकट 250 रुपये रोज, छोटा हत्ती 18 किलोमीटर नेणं-आणणं 900, दोन माणसं 500 रुपये प्रमाणे 1000, म्हणजे 2150 झाले, डिपॉझिट 3000 वेगळं, ते परत मिळते. यात पाहा, वस्तूचं भाडं सगळ्यात कमी आहे, पैसा जातो मजुरीत अन् गाडीत, अन् गाडीचा वाटून घेता येते. म्हणून आम्ही शेजारच्या दोन घरांना सोबत घेतलं, दोन दिवसात तिन्ही घरं झाली, भाडं 500 अन् गाडी 900 मिळून 1400, म्हणजे घरामागं 470 च्या आतच पडलं, मजुरी ज्याची त्यानं दिली. टोपी, तार, नवे कवेलू, सिमेंट सगळं घरात आल्याशिवाय पायाड आणू नका, नाहीतर सामानाची वाट पाहण्यात भाडं चढत जाते. संध्याकाळी आणलं तर तो दिवस धरतात का, पाऊस आला तर रोज लागते का, हे आधीच बोलून घेजा. उचलताना वेल्डिंगच्या जोडाला चीर आहे का, पाईप वाकला आहे का ते हात लावून पाहा, पिना मोजा अन् मोबाईलवर फोटो काढा. पिन कमी असेल तर तिथं बांधायची तार गुंडाळून चालवून घेऊ नका, दुसरी मागा.

उभं करताना आपल्या काळ्या जमिनीचा फार विचार करा. उन्हाळ्यात तिला भेगा असतात अन् एका अवकाळीत ती लोण्यासारखी होते, पायाडाचा एक पाय बसला की सगळं कलते. चारही पायांखाली जाड फळी नाहीतर फरशी द्या, विटांचे तुकडे नको. उंची बुडाच्या रुंदीच्या तिपटीपेक्षा जास्त जाऊ देऊ नका अन् भिंतीतल्या मजबूत वाशाला बांधा, धुरांड्याला कधीच नाही. शिडीच असेल तर 12 फुटांवर टेकते तिथं बुंधा भिंतीपासून 3 फूट दूर पाहिजे, वरचं टोक वळचणीच्या वर 3 फूट निघालेलं अन् दोरानं बांधलेलं.

कवेलूवर सरळ पाय देऊ नका, आढ्यावर आकडा अडकेल अशी शिडी छतावर झोपवा अन् तिच्यावरूनच सरका. सिमेंटचे पत्रे तर काहीच न सांगता फुटतात. पडू नये म्हणून बांधायचा पट्टा कमरेचा नको, पूर्ण अंगाचा घ्या, त्याच्यावर आयएस 3521 हा भारतीय मानकाचा नंबर पाहा, अन् दोर आढ्यावरून पलीकडच्या मोठ्या कडुनिंबाच्या बुंध्याला बांधा, गाडीला नाही. दोर एवढाच ढिला ठेवा की माणूस वळचणीच्या खाली येणार नाही.

विजेचं मात्र मनावर घ्या बाप्पा. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर बहुतेक धुरांड्याच्या बाजूनंच जाते, अन् घरातलं मेन बंद केलं तरी मीटरपर्यंत करंट असतोच. लाईनमनला सांगून खांबावरूनच बंद करून घ्या, नाहीतर महावितरणच्या 1912 वर फोन करा. लोखंडी पायाड अन् ॲल्युमिनियमची शिडी दोन्हीतून करंट जातो, म्हणून उभी शिडी अंगणात फिरवूच नका, आडवी करून न्या.

काम सकाळी 6 ते 9 मध्येच उरका, त्यानंतर लोखंडाला हात लागत नाही अन् दुपारून वावधान सुटते. चढायच्या आधी टोपीत गांधीलमाशांचं पोळं तर नाही ना हे खालूनच नीट पाहा, वर गेल्यावर डसल्या तर माणूस हात सोडून देते. खाली एक माणूस फक्त पाहायलाच ठेवा, त्याच्या फोनमध्ये 108 काढून ठेवलेला असू द्या अन् लेकरं अंगणातून हलवा.

झालं की त्याच दिवशी पिना मोजून परत करा अन् डिपॉझिट तिथंच उभं राहून घ्या, रात्रभर सामान अंगणात राहिलं तर दुसऱ्या दिवसाचं भाडं लागते अन् पोरं त्याच्यावर चढतात.