चिडचिडीच्या दिवसातही बरं वाटावं, म्हणून काय करावं?

नळ रात्रभर टपटपतोय. लिफ्ट बंद आहे. रांगेतला पुढचा माणूस खिडकीपाशी पोचल्यावर पिशवीत कागद शोधायला लागतो, आणि फोनला अपडेट व्हायची हुक्की नेमकी तेव्हाच येते. अशा वेळी कुणी ‘जे आहे त्याबद्दल कृतज्ञ राहा’ म्हणालं, तर आधी त्या माणसाचाच राग येतो. मला तरी येतो. म्हणून इथे कृतज्ञतेकडे जरा उशिरा येऊ, सुरुवात वैतागापासून करू.

एक गोष्ट आधी मान्य करायला हवी. वैताग दिसायला काहीच कष्ट पडत नाहीत, चांगलं मात्र मुद्दाम बघावं लागतं. चांगल्या प्रसंगांपेक्षा वाईट प्रसंगांचा मनावर जास्त खोल परिणाम होतो, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली बऱ्याच संशोधनांचा आढावा घेऊन मांडला. त्यात चांगल्याची आपल्याला सवय होते. चालू असलेली लिफ्ट कधी कुणाला दिसते का? ती दिसते बंद पडल्यावर. हा तुमच्या स्वभावातला दोष नाही, माणसाचं मन असंच घडलेलं आहे.

पहिली पायरी : वैतागाची यादी, पण एकदाच

एका बैठकीत, एका कागदावर, रोज डोक्यात जाणाऱ्या सगळ्या गोष्टी लिहून काढा. किरकोळ असल्या तरी लिहा. कुरकुरणारं दार, न सापडणारी किल्ली, ग्रुपवरचे अखंड मेसेज. मग त्यातल्या ज्या आठवडाभरात दुरुस्त होतील त्यांच्यापुढे खूण करा आणि त्या खरंच दुरुस्त करा. नळ टपटपत असेल तर पाणी मिळतंय म्हणून धन्य होत बसू नका, वॉशर बदला. किल्लीसाठी भिंतीला एक खिळा ठोका. कृतज्ञता हा प्लंबरला पर्याय नाही.

काम झालं की कागद फाडून टाका. रोज अशी यादी करायची नाही, आणि त्याला कारण आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककुलॉ यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, दहा आठवडे, एका गटाने दर आठवड्याला कृतज्ञता वाटलेल्या पाचेक गोष्टी लिहिल्या आणि दुसऱ्याने त्रासदायक गोष्टी लिहिल्या. पहिल्या गटाला आपलं आयुष्य जास्त बरं वाटलं, आणि त्यांच्या शारीरिक तक्रारीही कमी होत्या. यादी एकच करायची म्हणतो ती यासाठीच.

दुसरी पायरी : त्या क्षणाला काय करायचं

ज्याचं काही करता येत नाही, ते उरतंच. तेव्हा पहिला मोह होतो तो आदळआपट करण्याचा. ‘राग एकदा बाहेर काढला की मोकळं वाटतं’ हा समज फार पक्का आहे, पण तो टिकत नाही. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ सालच्या प्रयोगात चिडलेल्या लोकांनी, ज्याच्यावर राग होता त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारले. त्यांचा राग वाढला. काहीही न करता नुसते बसून राहिलेले लोक त्यांच्यापेक्षा शांत निघाले.

त्यापेक्षा जे वाटतंय त्याला मनातल्या मनात नाव द्या. ‘मला राग आलाय’ एवढंही चालेल. ‘मला उशीर होईल याची धास्ती वाटतेय’ हे त्याहून चांगलं, कारण पुष्कळदा रागाच्या खाली धास्तीच असते. भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डाला या, धोक्याची चाहूल घेणाऱ्या भागाची प्रतिक्रिया कमी होते, असं मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाला २००७ साली मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं होतं.

आणि समोरच्या माणसासाठी एक बरी गोष्ट रचा. आपल्याला उशीर झाला तर कारण ट्रॅफिक असतं, दुसऱ्याला झाला तर तो बेशिस्त असतो. कागद शोधणारा तो माणूस कदाचित रात्रभर कुणाच्या उशाशी जागा असेल. नसेलही. आपल्याला चौकशी थोडीच करायची आहे? आपला पारा उतरला, की त्या गोष्टीचं काम झालं.

तिसरी पायरी : कंटाळवाणं सलग करा, सुखाचं थांबून थांबून

हे उलटं वाटेल. लीफ नेल्सन आणि टॉम मेव्हिस यांनी २००८ साली दाखवलं, की नकोसा आवाज ऐकताना मध्ये विश्रांती मिळाली तर तो आवाज आणखी नकोसा होतो, आणि मसाज घेताना मध्ये खंड पडला तर मसाज जास्त सुखाचा वाटतो. खंड पडला की सवय मोडते, एवढंच त्यामागचं कारण. तेव्हा बिलं, फॉर्म, भांडी एका दमात उरका. आवडती मालिका मात्र एका रात्रीत संपवू नका.

चौथी पायरी : दिवसातली एक गोष्ट पूर्ण हजर राहून करा

किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी सुमारे २,२५० लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारलं : आत्ता काय करताय, आणि मन कुठे आहे? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि मन भटकत असताना लोक कमी आनंदी होते. हा अभ्यास २०१० सालचा.

दिवसभर सावध राहणं कुणालाच जमत नाही, तो नाद सोडा. एकच गोष्ट निवडा : आंघोळ, झाडांना पाणी घालणं, मुलाचे केस विंचरणं. तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत. आंघोळीचंच घ्या. पहिला तांब्या खांद्यावर पडतो तेव्हा जी हलकी शिरशिरी येते, ती चौथ्या तांब्याला नसते. लक्ष असेल तरच हा फरक कळतो. बरं वाटलं तर तसं म्हणा, कुणी ऐकायला असेल तर मोठ्याने.

इथे थोडं थांबायला हवं. कुणी तुमचा छळ करत असेल, कामाचा मोबदला बुडवत असेल, किंवा आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर या पायऱ्या त्यासाठी नाहीत. तिथे भांडावं लागतं, किंवा डॉक्टरकडे जावं लागतं. ‘चांगलं बघा’ हे वाक्य लोकांना गप्प बसवायलाही वापरलं जातं, हे विसरू नये.

पाचवी पायरी : आभार मानून टाका

मनातल्या मनात मानलेले आभार समोरच्यापर्यंत पोचत नाहीत. आपण थबकतो, कारण अवघडल्यासारखं होईल असं वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०१८ सालच्या अभ्यासात आभाराची पत्रं लिहिणाऱ्यांचा अंदाज असाच चुकला. पत्र मिळालेल्यांना वाटलेला अवघडलेपणा अंदाजापेक्षा कमी होता आणि आनंद जास्त. चार ओळी पुरतात. फक्त ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ नको. ‘त्या दिवशी तुम्ही फाइल घेऊन स्वतः आलात, म्हणून माझं काम झालं’ असं नेमकं लिहा.

आणि मग वही

माझी पहिली कृतज्ञतेची वही चौथ्या दिवशी बंद पडली. रोज ‘आरोग्य, घरची माणसं, डोक्यावर छप्पर’ लिहीत होतो. सरकारी फॉर्म भरावा तसं. पुढे कळलं की चूक दोन ठिकाणी होती. एक, नेमकेपणा नव्हता. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ सालच्या प्रयोगात लोकांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या, आणि प्रत्येक का घडली हेही लिहिलं. त्याचा परिणाम सहा महिन्यांनीही दिसत होता. तो ‘का’ महत्त्वाचा, कारण तो लिहिताना बहुतेक वेळा कुणीतरी माणूस आठवतो. दोन, अति होत होतं. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या गटाला आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांमध्ये फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांमध्ये नाही. म्हणून पहिला आठवडा रोज लिहा, नंतर आठवड्यातून एक ठरलेला वार पुरे.

काहीच सुचत नसेल तर उलटीकडून जा. जवळचा एखादा माणूस घ्या आणि तो कधी भेटलाच नसता तर आजचा दिवस कसा गेला असता, ते लिहा. तरीही पान कोरंच राहिलं, तर तारीख टाका, खाली ‘आज काही नाही’ लिहा आणि वही मिटून झोपा.