जुन्या छोट्या डिझेल गाडीचं अ‍ॅव्हरेज कसं वाढवाल

आधी खरं अ‍ॅव्हरेज मोजा. टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल करा आणि धावलेले किलोमीटर भरलेल्या लिटरने भागा. डॅशबोर्डवरचा आकडा मी धरत नाही.

टायरमधली हवा टायर थंड असताना तपासा. पण माझ्या मते त्याहून मोठा चोर म्हणजे अडकलेला ब्रेक. जुन्या गाडीत कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजतात, पॅड डिस्कला घासत राहतो आणि डिझेल फुकट जळतं. मोकळ्या रस्त्यावर, शक्यतो ब्रेक न मारता थोडं अंतर चालवा, थांबा आणि प्रत्येक रिमजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं, तर तिथला कॅलिपर उघडून साफ करून घ्या.

थर्मोस्टॅटकडे, म्हणजे इंजिनचं तापमान राखणाऱ्या झडपेकडे, तर कुणी बघतच नाही! तो उघडाच अडकला की इंजिन पुरेसं तापत नाही आणि जास्त डिझेल पितं. बराच वेळ चालवूनही तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येत नसेल, तर थर्मोस्टॅट बदला. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर वेळेवर बदलायचे, हे आलंच.

चालवताना साधारण २००० आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) वरचा गिअर टाका. मात्र इंजिन थरथरेल इतकं खाली ओढू नका. उतारावर न्यूट्रल कधीच नको. गाडी गिअरमध्ये ठेवून रेसवरून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि डिझेल जवळपास बंद होतं. १०० ऐवजी ८० च्या वेगाने गेलात तर हवेचा विरोध एक तृतीयांशाहून जास्त घटतो. छपरावरचा रिकामा कॅरिअरही आजच उतरवा.